कोळसा खाणीभोवतीचं पाणी: विहीर, बोअर, नाला आणि नदीच्या देखरेखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातून, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, भद्रावती, माजरी, वणी या भागांतून आणि तिकडे उमरेड-सावनेरकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शेतकरी विचारतात, ग्रामपंचायत सदस्य विचारतात, आणि पाण्याचा रिपोर्ट हातात पडला पण वाचायचा कसा ते कळत नाही असे लोकही विचारतात. उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खाणीभोवतीच्या पाण्याची देखरेख म्हणजे नक्की काय तपासतात?

पाणी किती आहे आणि कसं आहे, या दोन गोष्टी. त्या तीन ठिकाणी बघायच्या असतात. एक, खाणीतून बाहेर सोडलेलं पाणी. दोन, ते ज्या नाल्यात आणि नदीत जातं तिथलं पाणी, खाणीच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं. तीन, भूजल: विहिरी, बोअर, हातपंप आणि पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायला मुद्दाम घेतलेले बोअर (प्रश्न ६).

तक्रारी बहुतेक 'पाणी खराब झालं' अशा येतात. पण माझं मत असं, की कोळसापट्ट्यात पातळीचं नुकसान जास्त गावांना होतं आणि ते सिद्ध करणं जास्त अवघड जातं. काळं पाणी कोणालाही दाखवता येतं. तीन मीटर उतरलेली पातळी मात्र, आधीची नोंद नसेल तर, कोणालाच दाखवता येत नाही.

२. कोळसा खाली, माझी विहीर वर. मग विहिरीचं पाणी का जावं?

आपल्याकडचा कोळसा बराकर नावाच्या वालुकाश्मात आहे. त्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्माचा थर आहे, आणि कामठी हा पाणी चांगलं धरणारा खडक. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायचं तर वरचं सगळं काढावं लागतं, म्हणजे पाणी धरणारा खडकच कापला जातो. कापलेल्या भिंतींतून पाणी झिरपून खाणीच्या तळाशी सम्पमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्यात, जमतं. काम चालू ठेवायला ते बारा महिने उपसावं लागतं. त्यामुळे आजूबाजूची भूजल पातळी नरसाळ्यासारखी खाणीकडे उतरते: खाणीजवळ सर्वांत खोल, दूर जाल तशी कमी.

तुमच्या विहिरीचा तळ या उतरलेल्या पातळीच्या वर राहिला की विहीर कोरडी. शेजारच्या खोल बोअरला पाणी लागतं, म्हणून 'पाणी तर आहे की' असं उत्तर मिळतं. पाणी आहे हे खरं. पण चाळीस फुटांच्या विहिरीला ते मिळत नाही, आणि ज्याची ऐपत बोअर मारायची नाही त्याचं शेत कोरडवाहू होतं.

भूमिगत खाणीत प्रकार वेगळा. कोळशाचे खांब काढून घेतले की छत खाली बसतं, वरच्या खडकाला भेगा पडतात आणि काही वेळा त्या जमिनीपर्यंत येतात. मग तळ्याचं, नाल्याचं पाणी त्या वाटेने खाली जातं. पृष्ठभागावरच्या भेगा, अचानक आटलेलं तळं, पावसाळ्यात शेतात पडलेला खड्डा, या सगळ्याची फोटोसह आणि तारखेसह नोंद ठेवणं हीसुद्धा पाण्याची देखरेखच आहे.

३. खाणीपासून किती अंतरापर्यंत परिणाम होतो?

पर्यावरण अहवालात खाणीभोवती १० किलोमीटरचं क्षेत्र अभ्यासाला घेतात. ती अभ्यासाची हद्द आहे. तेवढ्या अंतरापर्यंत परिणाम होतो किंवा त्यापलीकडे होत नाही, असा तिचा अर्थ नाही.

अंदाजासाठी सिचार्टचं जुनं सूत्र वापरतात: पातळी किती मीटर उतरवली त्याला ३००० ने आणि खडकाच्या पारगम्यतेच्या, म्हणजे त्यातून पाणी किती वेगाने सरकू शकतं त्या आकड्याच्या (मीटर प्रति सेकंद), वर्गमुळाने गुणायचं. पातळी ६० मीटर उतरवली आणि खडकातून पाणी दिवसाला साधारण ९ सेंटीमीटर या वेगाने सरकू शकत असेल, तर प्रभाव सुमारे १८० मीटरपर्यंत येतो. खडक त्याच्या दहापट पारगम्य असेल तर तो सुमारे ५७० मीटर होतो. खाण तीच, खोली तीच, फक्त खडक बदलला आणि अंतर तिप्पट झालं.

शिवाय हे सूत्र सगळीकडे एकसारखा खडक आहे असं धरून चालतं. आपल्या खोऱ्यात तसं नाही. भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषा, आहेत; त्यांच्या एका बाजूला पाणी अडतं आणि दुसऱ्या बाजूने दूरवर ओढलं जातं. कोळशाखालचा तालचेर थर बहुतेक चिकट, पाणी न देणारा. राजुरा, कोरपना, वणी पट्ट्यात चुनखडी आहे, आणि चुनखडीतल्या पोकळ्यांतून पाणी कुठून कुठे जाईल हे सूत्र सांगू शकत नाही. म्हणून अहवालात नुसतं अंतर छापलेलं असेल तर पारगम्यता कोणत्या बोअरवर, कोणत्या पंप चाचणीतून काढली, एवढं जरूर विचारा.

४. हे सगळं मोजतं कोण?

मुख्य जबाबदारी खाण चालवणाऱ्या कंपनीची. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींसाठी नमुने घेण्याचं आणि तपासण्याचं काम प्रामुख्याने सीएमपीडीआय या खाण नियोजन संस्थेच्या नागपूर कार्यालयाकडे असतं. सीएमपीडीआय हीसुद्धा कोल इंडियाचीच कंपनी आहे. एवढ्यावरून आकडे खोटे ठरत नाहीत, पण दुसऱ्या कोणाचे तरी आकडे शेजारी ठेवून बघायला हवेत हे नक्की.

ते दुसरे आकडे तीन ठिकाणी असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे आणि कारखान्या-खाणींच्या सांडपाण्याचे नमुने घेतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरी असतात. आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, १९७२ पासून काम करते; तिचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि ठरलेल्या विहिरींची पातळी तिच्याकडे वर्षानुवर्षांची आहे. गावातल्या वादात हा शेवटचा साठा फार मोलाचा असतो आणि त्याकडे जवळपास कोणीच जात नाही.

५. वर्षातून किती वेळा मोजायला हवं?

खाणींच्या पर्यावरण मंजुरीत साधारण अशी अट असते: भूजल पातळी वर्षातून चार वेळा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत, भूजलाची गुणवत्ता निदान मे महिन्यात. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची प्रमुख घटकांसाठी तपासणी पंधरा दिवसांतून एकदा. जीएसडीए आपल्या विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजते, त्यामुळे दोघांचे महिने पुरते जुळत नाहीत. तुलना करताना मे ची मे शीच आणि जानेवारीची जानेवारीशीच करा.

तुमच्या खाणीची नेमकी अट तिच्या मंजुरीपत्रात असते. ते कुठे मिळेल यासाठी प्रश्न १५ पाहा.

६. विहिरी असताना पिझोमीटर कशाला?

विहिरीत सगळ्या थरांचं पाणी एकत्र येतं, आणि लोक तिच्यातून उपसाही करतात. पिझोमीटर म्हणजे फक्त मोजण्यासाठी घेतलेला बोअर. त्याच्या पाइपला ठरावीक खोलीवरच चिरा असतात, वरचा भाग बेंटोनाइट मातीने बंद केलेला असतो, त्यामुळे एकाच थराचा दाब कळतो. उथळ थर आणि कोळशाचा थर यांच्यासाठी दोन वेगळे पिझोमीटर असतील तर खाणीचा उपसा वरच्या थरापर्यंत पोचला का, हे थेट दिसतं.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भूजल उपसणाऱ्या खाणींना ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासोबत पिझोमीटर व आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं येतात. पिझोमीटर बघायला गेलात तर चार गोष्टी विचारून घ्या: त्याची खोली, चिरा किती ते किती मीटरवर, पाइपच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि तो कधी शेवटचा साफ केला. गाळाने बुजलेला पिझोमीटर वर्षभर एकच पातळी दाखवतो.

७. आमच्या विहिरीची पातळी आम्हीच मोजू शकतो का?

हो, आणि हे काम प्रत्येक गावाने सुरू करावं असं मला मनापासून वाटतं. खर्च जवळपास नाही.

मोजपट्टीच्या टोकाला लहान वजन बांधा. विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. पट्टी पाण्याला लागल्याचा आवाज येतो तिथला आकडा घ्या, किंवा पट्टीच्या शेवटच्या मीटरला खडू लावा आणि ओली रेघ वाचा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून ठेवा आणि वजा करा. कारण सरकारी आकडे जमिनीपासून खाली असे दिलेले असतात.

मोजायची वेळ पहाटे, मोटर सुरू होण्याआधी. रात्रभर लाइन होती आणि पंप चालला असेल तर त्या दिवशी मोजू नका, किंवा तसं शेजारी लिहा. शेजारच्या शेतातला पंप चालू होता का, तेही लिहा. दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजलं तर उत्तम. नाही जमलं तर निदान प्रश्न ५ मधले महिने चुकवू नका.

वहीत तारीख, वेळ, आकडा, मोजणाऱ्याचं नाव आणि सही. त्या आठवड्यात पाऊस झाला का. विहीर खोल केली किंवा आडवे बोअर मारले असतील तर त्याची तारीख, ही नोंद विसरली तर पुढचे सगळे आकडे वादात सापडतात. वर्षातून एकदा वहीच्या पानांवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्का घेऊन ठेवा. पट्टी पाण्यात धरलेला, तारखेसह फोटोही चालतो.

मोटर बसवलेल्या बोअरमध्ये पट्टी सोडू नका, ती पाइपला आणि वायरला अडकते. नवीन मोटर उतरवताना पाऊण इंची पाइप सोबत सोडून घेतला तर पुढे त्यातून मोजता येतं.

८. पातळी उतरली. पण पाऊसही कमी झाला आणि लोकांनी बोअरही मारले. मग खाणीमुळेच उतरली हे कसं ठरवायचं?

सगळ्यात जास्त वाद इथे होतो, आणि एका विहिरीच्या एका आकड्यावर तो कधीच सुटत नाही. तीन तुलना लागतात.

पहिली, जवळच्या आणि दूरच्या विहिरींची. खाणीपासून लांब, पण त्याच खडकातली आणि तशाच पिकांची एखादी विहीर निवडा. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी झालेला असतो. दूरची विहीर दीड मीटर उतरली आणि खाणीजवळची सहा मीटर, तर उरलेल्या साडेचार मीटरचं उत्तर पावसात मिळणार नाही.

दुसरी, पावसाळ्यानंतरच्या भरण्याची. दुष्काळात उतरलेली विहीर पुढच्या चांगल्या पावसात भरते. खाणीच्या उतारात सापडलेली विहीर चांगल्या पावसातही पुरती भरत नाही, आणि भरली तरी दिवाळीनंतर झपाट्याने उतरते. म्हणून मे च्या आकड्याइतकाच नोव्हेंबरचा आकडाही जपा.

तिसरी, उपशाच्या नोंदीशी. खाण रोज किती पाणी उपसते याचं मीटर वाचन ठेवलेलं असतं. खाणीचं तोंड पुढे सरकलं, नवीन पातळी उघडली, उपसा वाढला, आणि त्यानंतर काही महिन्यांत विहिरी उतरल्या, असा क्रम कागदावर दिसला तर तो बोलका असतो. क्रम उलटा असेल, म्हणजे उपसा वाढण्याआधीच विहिरी उतरल्या असतील, तर प्रामाणिकपणे दुसरीकडे बघा: नवीन बोअर, बागायतीखाली आलेलं क्षेत्र, जवळचा दुसरा कारखाना.

वेगवेगळ्या विहिरींची तुलना 'किती फूट खाली' यावर थेट करू नका, कारण प्रत्येकीची जमीन वेगळ्या उंचीवर असते. विहीर किती उतरली हा फरक तुलनेला चालतो. भूजल कोणत्या दिशेने वाहतंय हे बघायचं असेल तर मात्र सगळ्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलाव्या लागतात, आणि तिथे जीएसडीएच्या भूवैज्ञानिकांची मदत घ्या.

९. नदीचा किंवा नाल्याचा नमुना कुठून घ्यायचा?

खाणीचं पाणी मिसळतं त्याच्या वरून एक, जिथे मिसळतं तिथल्या पाइपच्या किंवा चारीच्या तोंडाचा एक, आणि खाली पाणी पुरतं मिसळल्यावर एक. तिन्ही एकाच दिवशी. खालचा नमुना मिसळण्याच्या जागेला चिकटून घेतला तर एका काठाला खाणीचं आणि दुसऱ्या काठाला नदीचं पाणी मिळतं, आणि कोणत्या काठावर उभे राहिलात त्यावर रिपोर्ट ठरतो. वर्धेसारख्या रुंद नदीत हे मिसळणं बरंच खाली जाऊन होतं. काठापासून आत, पृष्ठभागाच्या हातभर खालून, प्रवाहाकडे तोंड करून बाटली भरा.

वरचा नमुना खरंच 'वरचा' आहे का हे बघा. इरई, झरपट, निर्गुडा यांच्या काठाला एकामागोमाग एक खाणी आहेत; एका खाणीची वरची जागा ही दुसऱ्या खाणीची खालची जागा असू शकते.

वेळ दोनदा: उन्हाळ्यात नदीत पाणी सर्वांत कमी असताना, आणि पहिल्या मोठ्या पावसात. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवरची माती आणि रस्त्यांवरची कोळशाची भुकटी त्याच पावसात वाहून येते. फक्त हिवाळ्यात घेतलेला नमुना यातलं काहीच दाखवत नाही.

१०. बाटली कोणती, किती वेळात पोचवायची?

आधी प्रयोगशाळेला विचारा आणि शक्यतो त्यांच्याच बाटल्या घ्या. रासायनिक तपासणीला प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, गळ्यापर्यंत भरून. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली, ती विसळायची नाही. लोह, मँगनीज आणि इतर धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात प्रयोगशाळा नायट्रिक आम्ल घालून देते; नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीवर बसतं आणि रिपोर्टमध्ये कमी दिसतं. हातपंप किंवा बोअर असेल तर पाइपात साचलेलं पाणी काढून टाकून मग नमुना घ्या. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजलेली बरी.

११. रिपोर्टमध्ये आधी कोणता आकडा बघू?

सल्फेट. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फेट तयार होतं. ते पाण्याबरोबर दूरवर जातं, वाटेत सहज अडकत नाही. खाणीचं पाणी विहिरीपर्यंत पोचलं की बहुधा तेच आधी वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. पण तुमची विहीर ३० वरून १५० वर गेली असेल तर ती मर्यादेत असूनही बदललेली आहे. बदल आधी बघा, मर्यादा नंतर.

मग एकूण विरघळलेले क्षार (५०० आणि २०००), कठीणपणा (२०० आणि ६००), नायट्रेट (४५), फ्लोराइड (१.० आणि १.५), आणि पीएच (६.५ ते ८.५). गावातल्या जलसुरक्षकांकडच्या किटमध्ये यातले बरेच घटक तपासता येतात, मात्र सल्फेट सहसा नसतो. तो प्रयोगशाळेतच करून घ्या.

१२. 'सर्व घटक मर्यादेत' असं लिहिलंय. मग आमचं पाणी असं कसं?

मर्यादा कशाची, हे बघा. कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी केंद्राने २००० साली जे मानक काढलं त्यात नेहमी तपासायचे घटक मोजके आहेत: पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस १० पर्यंत, नायट्रेट नायट्रोजन १० पर्यंत. ते नाल्यात सोडायच्या पाण्याचं मानक आहे, पिण्याचं नाही. त्यात पास झालेलं पाणी पिण्यायोग्य आहे असा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे.

नायट्रेटचा एक फसवा मुद्दा इथेच येतो. पिण्याच्या मानकातले ४५ हे नायट्रेटचे, खाणीच्या मानकातले १० हे त्यातल्या फक्त नायट्रोजनचे. नायट्रोजनचा आकडा नायट्रेटमध्ये बदलायला ४.४३ ने गुणावं लागतं. रिपोर्टमध्ये 'नायट्रेट नायट्रोजन ९' दिसलं आणि तुम्ही ते ४५ शी ताडून पाहिलं तर पाणी स्वच्छ वाटेल. प्रत्यक्षात ते ४० नायट्रेट आहे, म्हणजे सीमेला टेकलेलं.

आणि तरंगत्या घन पदार्थांचा नमुना कोरड्या दिवशी, गाळाच्या टाकीतून निवळून आलेल्या पाण्याचा असेल तर तो पास होणारच. पावसाच्या दिवशीचा रिपोर्ट मागा.

१३. नाल्याचं पाणी गंजासारखं लाल झालं आहे. हे आम्लयुक्त पाणी का?

आधी पीएच मोजा. लिटमस कागदानेही अंदाज येतो. आम्ल असेल तर पीएच ४ च्याही खाली जाऊ शकतो, त्या पाण्यात मासे-बेडूक राहत नाहीत. मेघालयात आणि आसामच्या माकुम पट्ट्यात असं घडतं, कारण तिथल्या कोळशात गंधक जास्त आहे. आपला गोंडवन कोळसा साधारण एक टक्क्याहून कमी गंधकाचा, त्यामुळे इथलं खाणीचं पाणी बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतं. अपवाद असू शकतात. जुन्या, हवा शिरलेल्या भूमिगत कामांतून झिरपणारं पाणी प्रत्येक वेळी तपासावं.

पीएच ७ च्या आसपास असून तांबडा साका बसत असेल तर ते लोह आहे. भूजलातलं लोह हवेला लागलं की असंच बसतं, खाण नसलेल्या गावांतही. सल्फेटही वाढलेलं असेल तर संशयाला जागा आहे.

१४. नायट्रेट आणि फ्लोराइड वाढलं. खाणीमुळे?

नायट्रेट: खाणीत वापरली जाणारी स्फोटकं अमोनियम नायट्रेटची असतात, त्यामुळे खाणीच्या पाण्यात ते येऊ शकतं. पण युरिया, शेणखताचे ढीग आणि विहिरीजवळचे शोषखड्डे यांतूनही येतं. विहिरीत नायट्रेटबरोबर क्लोराइड आणि जंतू वाढले असतील तर बोट गावाकडे वळतं. सम्पमध्येच नायट्रेट कमी असेल तर खाणीचा दावा टिकत नाही. म्हणून सम्पचा नमुना हवाच.

फ्लोराइड खडकातून येतं; चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत ते खाणी नसलेल्या गावांतही आहे. तरीही खाणीचा हात त्यात अप्रत्यक्ष असू शकतो. उथळ विहीर कोरडी पडते, लोक खोल बोअर मारतात, आणि खोल खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात अनेकदा फ्लोराइड जास्त असतं. पर्यायी बोअर मारून देताना तिचं फ्लोराइड तपासलं का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच हवा. लहान मुलांच्या दातांवर डाग दिसायला लागल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

१५. खाणीचे रिपोर्ट आम्हाला कुठे मिळतील?

पर्यावरण मंजुरीपत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर. मंजुरीच्या अटींचं पालन झालं की नाही याचा सहामाही अहवाल कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. तो पोर्टलवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. प्रदूषण मंडळाकडे दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्रही जातं. यातलं काही मिळालं नाही तर माहिती अधिकारात मागा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'पाण्याची सर्व माहिती' असं मोघम लिहू नका. खाणीचं नाव, वर्षं, 'पिझोमीटर व निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या मूळ नोंदी', 'सम्प उपशाचं महिनावार मीटर वाचन' आणि 'निरीक्षण बिंदूंचा नकाशा' असं नेमकं लिहा. सरासरीचा तक्ता नको, मूळ नोंदी मागा.

१६. खाणीमुळे आमच्या नाल्याला बारमाही पाणी आलं. ते शेतीला घेऊ का? प्यायला?

शेतीला घेण्याआधी विद्युतवाहकता आणि सोडियमचं प्रमाण सांगणारा आकडा, म्हणजे एसएआर, तपासून घ्या. आपल्या काळ्या जमिनीत निचरा कमी. सोडियम जास्त असलेलं पाणी दोन-चार हंगाम दिलं की जमीन घट्ट होते आणि ते उलटवणं फार कठीण जातं.

पिण्यासाठी प्रक्रियेशिवाय नाही. प्रक्रिया केली तर चालतं; वेकोलिने पाटणसावंगीला खाणीचंच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद केलं आहे.

आणखी एक गोष्ट. हे पाणी बहुतांशी आजूबाजूच्या थरांतून ओढलेलं आहे. ते तुमच्या नाल्याला मिळतंय तेव्हा वरच्या बाजूच्या एखाद्या गावाच्या विहिरीतून जात असेल. शिवाय खाणीचा उपसा थांबला की नालाही थांबेल. त्याच्या भरवशावर संत्र्याची बाग लावू नका.

१७. जवळ वीज केंद्र, सिमेंट कारखाना आणि दोन खाणी आहेत. दोषी कोण हे पाण्यावरून कळतं का?

काही प्रमाणात. राखेच्या तलावातून झिरपलेल्या पाण्यात सल्फेटबरोबर बोरॉन वाढलेलं असतं, म्हणून चंद्रपूर, बल्लारपूर, खापरखेडा भागात बोरॉनची तपासणी वेगळी सांगून करून घ्या. चुनखडीच्या भागात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मुळातच जास्त. वसाहतीच्या सांडपाण्यात जंतू, क्लोराइड आणि जास्त बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप. पण पाणी एकमेकांत मिसळलं की या खुणा पुसट होतात, आणि मग भूजल वाहण्याच्या दिशेचा नकाशा लागतो (प्रश्न ८). केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित ठरवलं, ते असंच अनेक स्रोतांच्या एकत्र भारामुळे.

१८. आम्ही खासगी प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणला. तो कायद्यात चालतो का?

तक्रारीचा आधार म्हणून चालतो. सांडपाण्याबद्दल मंडळाच्या कारवाईसाठी मात्र जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ ची पद्धत लागते: मंडळाच्या अधिकाऱ्याने कंपनीला जागेवरच नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील आणि दोघांच्या सह्या करून तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा निकाल पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून स्वतःचा रिपोर्ट जोडून मंडळाकडे लेखी मागणी करा की त्यांनी त्याच जागेचा नमुना कलम २१ नुसार घ्यावा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी, आणि नमुना घेताना पंचनाम्यासारखी नोंद व दोन साक्षीदार असावेत.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी साधारण सहा महिन्यांची आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी पाच वर्षांची मुदत असते. विहीर कधी कोरडी पडली याची तारीख वहीत असेल तर (प्रश्न ७) मुदतीचा वाद तिथेच मिटतो.

१९. ओबीचा ढिगारा नदीच्या काठावर आला आहे. हा पाण्याच्या देखरेखीत येतो का?

येतो, आणि दुर्लक्षित राहतो. नमुन्याची बाटली इथे उपयोगाची नाही. पात्राची रुंदी आणि खोली मोजावी लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर, एकाच ठिकाणी काठापासून काठापर्यंत दोरी ताणून, दर दोन मीटरवर काठीने खोली घ्या. पात्र भरत चाललं असेल तर तेवढाच पूर आता जास्त उंचीने येईल. इरईच्या काठच्या वस्त्यांना हे सांगायची गरज नाही. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी संरक्षक भिंत आणि चर आहे का, चर गाळाने भरला आहे का, याचे फोटो जून सुरू होण्याआधी काढून ठेवा.

२०. आमच्याकडची खाण बंद झाली. आता मोजणं थांबवायचं का?

उलट, आता काही वर्षं जास्त नेमाने मोजायचं. उपसा थांबला की भूजल हळूहळू वर येतं. ते कोरड्या पडलेल्या, हवा लागलेल्या खडकांतून वर चढतं आणि इतक्या वर्षांत तयार झालेले क्षार बरोबर घेतं, म्हणून पहिल्या काही वर्षांत सल्फेट आणि क्षार आधीपेक्षाही वाढू शकतात. विहिरीला पाणी परत आलं याचा आनंद असतोच, पण पिण्याआधी तपासून घ्या.

उघड्या खाणीच्या खड्ड्यात तळं होतं. त्याच्या वरच्या आणि तळच्या पाण्याचे नमुने वेगळे घ्यावे लागतात, कारण खोल तळ्यात दोन्ही पाणी लवकर मिसळत नाही. भूमिगत खाण भरत आली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून, जुन्या इनक्लाइनमधून (खाणीत उतरायच्या तिरप्या वाटेतून) किंवा बुजवायच्या राहिलेल्या बोअरमधून बाहेर पडतं. अशा जागा आधीच शोधून नकाशावर मांडा.

खाण बंद करण्याच्या आराखड्यात बंद झाल्यानंतर ठरावीक वर्षांच्या देखरेखीची तरतूद असते. खोल खड्डा भरायला आणि पातळी स्थिर व्हायला त्याहून जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे ती मुदत संपण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून दोन मागण्या लेखी द्या: पिझोमीटर बुजवू नयेत, ते जीएसडीएकडे किंवा ग्रामपंचायतीकडे सोपवावेत, आणि खाण सुरू झाल्यापासूनच्या पातळीच्या व उपशाच्या सगळ्या मूळ नोंदींची एक प्रत गावाला मिळावी.